गळांचे दुकान

टाचणी वाकवून तिचा गळ करावा, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा पळवून तिला बांधावा, कणकेची गोळी टोचावी आणि ओढ्याच्या काठी जेवणाची हाक येईपर्यंत बसून राहावे, हा उद्योग ज्याने लहानपणी एकदाही केला नाही असा मनुष्य नदीकाठच्या गावात विरळाच. बहुतेकांच्या हाती मासा लागत नाही. कणीक तेवढी जाते व टाचणी गंजते. पुढे शाळा, नोकरी आणि संसार यांच्या रेट्यात तो ओढाही मागे पडतो. आपल्याकडे मासे धरणे हा बहुधा कोळी-भोयांच्या पोटाचा धंदा राहिला. इंग्लंडात मात्र याच पोरखेळाचे एक शास्त्र झाले, त्यावर ग्रंथ निघाले आणि त्याच्या सामानाची स्वतंत्र दुकाने गावोगाव उभी राहिली. त्या दुकानांची आणि त्यांतील वस्तूंची आठवण तेथील वृद्ध माणसे ज्या हळव्या आवाजात काढतात तो ऐकला, म्हणजे केवळ काठ्या आणि गळ यांसाठी एवढी माया कशी, असा प्रश्न सहज मनात येतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम दुकानात शिरले पाहिजे.

असे दुकान बहुधा गावच्या पुलापासून फार दूर नसे. पुष्कळ ठिकाणी ते स्वतंत्रही नसे. कोठे लोखंडी सामान विकणारा, कोठे बंदुका दुरुस्त करणारा, तर कोठे चक्क न्हावी आपल्या दुकानाचा अर्धा भाग या मालासाठी देई. दार उघडताच वर बांधलेली घंटा किणकिणे. आत प्रकाश बेताचाच. छताला व भिंतींना लांब लांब काठ्या टेकलेल्या, लाकडी फळीमागे शंभरएक लहान खण, प्रत्येक खणावर हाताने लिहिलेली चिठ्ठी. जवसाच्या तेलाचा, रोगणाचा, ओल्या बुटांचा व तंबाखूचा असा एक संमिश्र वास तेथे भरून राहिलेला असे. त्यातच भुशात ठेवलेल्या अळ्यांचा वास मिसळे. मांसावर निळ्या माश्यांना अंडी घालू देऊन त्या अळ्या मुद्दाम वाढवीत, आणि आपल्याकडे दूध मापून द्यावे त्याप्रमाणे त्या पिंटाच्या मापाने विकीत. शिसारी येण्याजोगाच हा प्रकार. पण त्या वासाने ज्याला बालपण आठवत नाही तो खरा गळ टाकणारा नव्हे, असे तेथील जाणते मानतात.

या दुकानाचा सणही ठरलेला असे. मासे अंडी घालतात त्या काळात त्यांना धरू नये म्हणून इंग्लंडात १८७८ साली कायदा झाला आणि नद्यांतील सामान्य मासे धरण्यास १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत मनाई आली. नद्यांपुरता तो नियम आजही चालू आहे. पुष्कळशा तळ्यांवरचा निर्बंध मात्र १९९५ साली उठला. तीन महिने हात आवरून बसलेली माणसे १५ जूनच्या संध्याकाळी दुकानात दाटी करीत. नारळीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी कोकणातल्या कोळीवाड्यात जी लगबग असते तिचीच ही लहानशी, परदेशी आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. पोरांना रात्री झोप लागत नसे. मध्यरात्रीचे टोले पडले की काठावरच्या काळोखात पहिला गळ पाण्यात पडे.

या छंदाचे कुळ पुरातन आहे. गळाने मासे धरण्याविषयीचा इंग्रजी भाषेतील पहिला छापील प्रबंध १४९६ सालचा. जूलियाना बर्नर्स नावाच्या एका मठवासिनीच्या नावावर तो चढविला गेला असला तरी त्याविषयी विद्वानांत एकमत नाही. तथापि या विषयाला घरोघर नेले ते आयझॅक वॉल्टनच्या १६५३ सालच्या ग्रंथाने. वॉल्टन हा लंडनमधला एक व्यापारी. देशात यादवी युद्ध नुकतेच होऊन गेलेले, राजाचा शिरच्छेद झालेला, अशा दिवसांत या गृहस्थाने नदीकाठच्या शांततेवर पुस्तक लिहावे, हेच त्या पुस्तकाच्या दीर्घायुष्याचे एक कारण असावे. त्या काळी दोरी असे ती घोड्याच्या शेपटीच्या केसांची, पीळ देऊन केलेली. गळ घ्यावयाचे ते चांगल्या कारागिराकडूनच, हा दंडकही तेव्हापासूनचा. चार्ल्स कर्बी नावाचा लंडनचा गळ करणारा त्याच शतकात इतका नावाजला, की किंचित बाजूला कललेल्या गळाला आजही कर्बीचे वळण असेच म्हणतात.

पुढे गळांचा धंदा लंडनहून निघून मध्य इंग्लंडातील रेडिच या गावी स्थिरावला. हे गाव मूळचे सुयांचे. जगातल्या घराघरांत ज्या सुया जात त्यांचा फार मोठा वाटा एकोणिसाव्या शतकात या गावात व आसपासच्या खेड्यांत तयार होई. सुई आणि गळ ही एकाच तारेची दोन भावंडे होत. एक सरळ राहिले, एकाने वळण घेतले, एवढाच फरक. पोलादी तार मापाने तोडावयाची, सुरीच्या एका नेमक्या कापाने तिच्या टोकाजवळ उलटा काटा उचलावयाचा, टोकाला कानशीने धार द्यावयाची, साच्याभोवती ती वाकवावयाची, तापवून लाल झाली की तेलात बुडवून कठीण करावयाची आणि पुन्हा बेताचा ताव देऊन तिचा ठिसूळपणा काढावयाचा, अशी ही कृती. यातली शेवटची पायरी सर्वांत अवघड. ताव कमी पडला तर गळ काचेसारखा तुटतो. अधिक झाला तर मोठ्या माशाच्या ओढीने सरळ होऊन जातो. हा मधला बिंदू कारागीर रंगावरून ओळखीत. येथील सॅम्युएल ऑलकॉक यांची पेढी पुढे गळ, काठ्या व तत्सम सामान करणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणली जाऊ लागली.

गळांच्या क्रमांकाची रीतही मौजेची आहे. क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान. सोळा क्रमांकाचा गळ करंगळीच्या नखावर मावतो, तर दोन क्रमांकाचा त्यापुढे आकडीच वाटतो. एकाहूनही मोठे गळ करावयाची वेळ आली तेव्हा आकडे संपले. म्हणून एकापुढे तिरपी रेघ व शून्य, मग दोनापुढे शून्य, अशी उलट चढण सुरू झाली. नवख्या पोराने दुकानात जाऊन मोठ्या ऐटीत ‘मोठा गळ’ म्हणून वीस क्रमांक मागावा आणि दुकानदाराने न हसता त्याच्या तळहातावर तिळाएवढी वस्तू ठेवावी, हा धडा बहुतेकांना एकदाच मिळे व जन्मभर पुरे.

परंतु या चकचकीत वस्तूंच्या मागे एक काळी बाजूही होती. रेडिचमध्ये सुयांना टोक काढण्याचे काम कोरड्या दगडी चाकावर चाले. दगडाची व पोलादाची बारीक धूळ त्या कामगारांच्या छातीत जाऊन बसे आणि त्यांतले पुष्कळ जण ऐन तारुण्यातच खोकून खोकून मरत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती धूळ ओढून घेणारे पंखे निघाले, तेव्हा त्यांना पहिला विरोध केला तो त्याच कामगारांनी. जिवावरचे काम म्हणून जी अधिक मजुरी मिळे ती जाईल, अशी त्यांना धास्ती वाटली. माणसाला पोटासाठी मरणाचीही बाजू घ्यावी लागते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण. ज्या गावातून गळांच्या पेट्या निघत त्याच गावातली ही हकीकत असल्यामुळे जुन्या मालाचे गोडवे गाताना तिची आठवण ठेवणे न्यायाचे होईल.

गळाला जोडावयाचा धागा हे दुकानातले दुसरे आश्चर्य. घोड्याच्या केसाची जागा हळूहळू ज्या वस्तूने घेतली तिला इंग्रजीत आतड्याच्या नावाने ओळखत, आणि आपल्याकडेही पिंजाऱ्याच्या धनुकलीला जी ताणतात त्या तातीची आठवण होऊन श्रोत्यांचा तसाच ग्रह होईल. वस्तुतः आतड्याशी तिचा संबंध नाही. स्पेनमधील मुर्सिया प्रांतात रेशमाचे किडे पाळीत. किडा कोश विणण्याच्या बेतात आला की त्याला शिरक्यात बुडवून मारीत, त्याच्या पोटातील रेशमाच्या दोन पिशव्या काढीत आणि त्या हलक्या हाताने ताणीत. ज्या रसाचा कोशात अखंड तंतू झाला असता त्याची वीत-दोन वीत लांबीची एकेक पारदर्शक तार बने. ती पाण्यात जवळजवळ दिसेनाशी होई, हाच तिचा गुण. अशा अनेक तारा गाठी मारून जोडीत. मात्र कोरडी तार फार ठिसूळ. गाठ मारण्यापूर्वी ती भिजवलीच पाहिजे. म्हणून प्रत्येकाजवळ ओलसर लोकरी कापडाच्या चकत्या घातलेली एक चपटी डबी असे, आणि उद्या नदीवर जावयाचे तर आज रात्री तारा भिजत घालावयाच्या, असा शिरस्ता असे. घरात कडधान्य भिजत घातले की उद्याचा बेत कळतो. तेथे ती डबी उघडी दिसली की घरच्यांना उद्याच्या बेताची वर्दी मिळे.

काठीची कथा तर पृथ्वीप्रदक्षिणाच होय. जुन्या काळी हिकरी हे अमेरिकेतले लाकूड वापरीत. पुढे दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गियानातून ग्रीनहार्ट नावाचे लाकूड येऊ लागले. ते इतके जड की पाण्यात बुडते. पण वाकविले असता चाबकासारखे उसळी घेते. त्याच्या जोडीला आला तो आपल्याकडचा बांबू. बंगालमधून जाणाऱ्या या बांबूला तिकडे कलकत्त्याचा वेत म्हणत. तो उभा चिरून त्याच्या तिकोनी धारेच्या सहा पट्ट्या करावयाच्या आणि बाहेरची कणखर साल वर राहील अशा रीतीने त्या सरसाने चिकटवून एक षट्कोनी काठी करावयाची, ही विद्या एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत व इंग्लंडात वाढीस लागली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी चीनच्या दक्षिण भागातील अधिक सरळ व पेरांनी कमी उंचवटलेल्या बांबूने बंगालच्या बांबूला मागे सारले. इंग्लंडच्या उत्तरेस ॲनिक या गावी १८७२ साली निघालेल्या हार्डी बंधूंच्या कारखान्याने अशा काठ्यांना जगभर नाव मिळवून दिले. चांगली काठी म्हणजे मोठी खर्चाची बाब. बाप ती विकत घेई, मुलगा ती जपे आणि नातवाला तिच्या मुठीवरील बूच आजोबांच्या हाताच्या आकाराने झिजलेले आढळे.

काठीला दोरीचे रीळ हवे. नॉटिंगहॅम या लेस विणणाऱ्या गावात अक्रोडाच्या लाकडाची सुबक रिळे होत. ती एका आसावर इतकी हलकी फिरत की नुसत्या फुंकरीने गरगरत राहावीत. पण अशा रिळावरून दोरी दूर फेकणे हे हातखंड्याचे काम. अंगठ्याचा दाब क्षणभर चुकला की दोरीचा असा गुंता होई की उरलेला दिवस तो सोडविण्यातच जाई. यावर तोड काढली ती ब्रॅडफर्डच्या एका गिरणीवाल्याने. आल्फ्रेड इलिंगवर्थ हे त्याचे नाव, आणि वर्ष १९०५. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत टोकाकडून सुटत जाते, बॉबिन स्वतः फिरत नाही, हे त्याने रोज पाहिलेले. रीळ स्थिर ठेवून दोरी तिच्या टोकावरून सुटू द्यावी, ही साधी कल्पना त्याने तेथून उचलली. गिरणगावात बॉबिन ज्यांनी हाताळली त्यांना हा शोध समजावून सांगावा लागणार नाही. आज जगात जी रिळे सर्वांत अधिक वापरात आहेत त्यांची मूळ कल्पना हीच.

आता दुकानातला सर्वांत लखलखीत कोपरा, म्हणजे पिसांच्या माश्यांचा. काही मासे पाण्यावर बसणाऱ्या किड्यांवर झडप घालतात. त्यांच्यासाठी गळाभोवती पिसे, लोकर व रेशमी धागा गुंडाळून किड्याची प्रतिकृती बांधतात. मराठीत हुबेहूब नक्कल करणाऱ्याला आपण माशीला माशी मारणारा म्हणतो. या कारागिरांना ते अक्षरशः लागू पडते. माशी दाखवून मासा मिळवावयाचा, असा हा व्यवहार. त्यातही सामन या मोठ्या माशासाठी बांधलेल्या माश्यांचा थाट राजदरबारी. त्या कोणत्याही खऱ्या किड्यासारख्या दिसत नाहीत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात त्यांची सजावट इतकी वाढली की एकेका माशीत आफ्रिकेच्या शहामृगाचे, दक्षिण अमेरिकेच्या टूकानचे, चीनच्या सोनेरी फेझंटचे आणि हिंदुस्थानच्या मोराचे पीस एकत्र नांदू लागले. १८९५ साली जॉर्ज केल्सन याने केवळ या माश्यांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला.

आणि या सर्वांत एक पीस असे होते की ज्यावाचून उत्तम माशी पुरी होतच नसे. माशीच्या दोन्ही गालांवर ते डोळ्यासारखे बसवीत. काळसर, करड्या पिसावर मेणाच्या थेंबासारखे पांढुरके व पिवळसर चकचकीत ठिपके, हे त्याचे रूप. पिसाची मधली काडीच तेथे चपटी होऊन तो ठिपका बनतो; म्हणून तो भिजत नाही आणि पाण्यातही चमकतो. हे पीस कोठले? ते सह्याद्रीतले. ज्याला पक्षिशास्त्रज्ञ फ्रेंच प्रवासी सोनेरा याच्या नावाने ओळखतात त्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे. महाबळेश्वर-आंबोलीच्या रानात पहाटे ज्याची तुटक, कर्कश बांग ऐकू येते आणि चाहूल लागताच जो कारवीच्या जाळीत नाहीसा होतो, तोच हा पक्षी. याची मानेची झालर बारमाही नसते. विणीचा हंगाम संपला की नर ती गाळून टाकतो आणि पावसाळ्यात साध्या काळ्या पिसांवर दिवस काढतो. त्यामुळे झालर हवी तर तिच्या भराच्या दिवसांतच, म्हणजे नेमक्या विणीच्या सुमारास, त्याला मारावे लागे. रानात फासे पडत, वाळविलेल्या माना गठ्ठ्यांनी बंदरांकडे जात आणि स्कॉटलंडच्या नदीत कोणा सरदाराच्या गळावर सह्याद्रीचा तो ठिपका चमके. दुकानातल्या खणावरील चिठ्ठीत यातले काहीच लिहिलेले नसे.

हिंदुस्थानचा संबंध केवळ पिसे आणि बांबू यांपुरताच नव्हता. मद्रास इलाख्यातील हेन्री सलिव्हन टॉमस या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली येथील नद्यांतल्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला, आणि त्यात महसीराला मानाचे पान दिले. महसीराच्या जबड्यात दात नसतात. ते असतात घशात. परंतु त्या तोंडाची पकड अशी की युरोपातल्या माशांसाठी घडविलेले नाजूक गळ त्यात चुरडले जात. तेव्हा आपल्या नद्यांसाठी अधिक जाड तारेचे, अधिक कणखर गळ घडविणे इंग्लंडच्या कारागिरांना भाग पडले. सुई विकावयास आलेल्याला आपल्या माशाने असा एक धडा दिला, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे.

इतक्या देशांचा माल एका अंधाऱ्या खोलीत जमे खरा. पण त्या मालाला अर्थ येई तो दुकानदारामुळे. गावची नदी त्याला तोंडपाठ असे. पाऊस पडून गेल्यावर पाणी किती दिवसांनी निवळते, कोणत्या वळणावर तळ खडकाळ आहे, कोणत्या महिन्यात मासा वर येतो, हे त्याने पन्नास वर्षे ऐकलेले व पाहिलेले. संध्याकाळी परतणारा प्रत्येक जण त्याला दिवसाची हकीकत सांगे. त्यातली अतिशयोक्ती वजा करण्याचे गणितही त्याला साधलेले असे. अशा रीतीने ते दुकान म्हणजे नदीची रोजनिशीच होऊन बसे. मुलगा चार पैसे घेऊन आला आणि शोभिवंत बोयाकडे बोट दाखवू लागला, तर चांगला दुकानदार तो देत नसे. साळिंदराच्या काट्याचा साधा बोया, शिशाच्या दोन गोळ्या व बारीक गळ त्याच्या हातात ठेवी आणि कोठे बसावयाचे ते सांगे. नफा कमी होई, पण मुलगा पुढच्या शनिवारी पुन्हा येई. १९४९ साली बर्नार्ड व्हेनेबल्स या चित्रकाराचे एक सचित्र पुस्तक निघाले. त्यात क्रॅबट्री नावाचा बाप आपल्या मुलाला वर्षभर मासे धरावयास शिकवितो. त्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. ज्या असंख्य मुलांना असा बाप लाभला नव्हता त्यांची उणीव कोपऱ्यावरच्या दुकानदाराने भरून काढली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच सुमारास काळ बदलू लागला होता. अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत १९३५ साली नायलॉन तयार झाले, आणि दुसरे महायुद्ध आटोपताच त्याचा धागा दुकानादुकानांत पोचला. तो भिजवावा लागत नाही, कुजत नाही, गाठी न घालता हवा तितका लांब मिळतो. मुर्सियाच्या तारांची मागणी पाहता पाहता ओसरली. १९५० च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि तिकडे बांबूचा पुरवठा तुटला. त्याच वेळी काचतंतूच्या काठ्या स्वस्तात येऊ लागल्या. तरी बांबू लगेच हटला नाही. १९५२ साली रिचर्ड वॉकर याने रेडमायर नावाच्या तळ्यात ४४ पौंडांचा कार्प मासा धरला तो स्वतः आखलेल्या चिरबांबूच्या काठीनेच. तो मासा पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला होता. परंतु १९७० नंतरच्या दशकात कार्बनतंतूच्या काठ्या आल्या आणि वजनाच्या बाबतीत बांबूला वादच उरला नाही. मग मोठमोठी भांडारे आली, टपालाने माल मागविण्याची सोय झाली, आणि आता घरबसल्या यंत्राच्या पडद्यावर बोट टेकले की गळ दारात येतो. लहान दुकाने एकामागून एक बंद पडली. थोडी तग धरून आहेत. रेडिचमधील एका जुन्या सुईच्या गिरणीचे आता संग्रहालय झाले आहे.

या बदलाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. जे गेले ते सारेच हळहळण्याजोगे नव्हते. टोक काढणाऱ्यांची धूळ गेली, हे उत्तमच झाले. शिशाच्या ज्या इवल्या गोळ्या प्रत्येक पोराच्या खिशात खुळखुळत, त्या काठावर सांडत आणि हंस त्या खड्यांच्या भ्रमाने गिळून विषबाधेने मरत. १९८७ पासून ब्रिटनमध्ये अशा लहान वजनांच्या शिशाच्या विक्रीवर बंदी आली आणि थेम्स नदीवरील हंसांची संख्या पुन्हा वाढली. पिसांच्या व्यापाराविरुद्ध तेथेच लोकमत जागे होऊन १९२१ साली आयातीवर निर्बंध घालणारा कायदा झाला होता. पुढे हिंदुस्थान सरकारनेही रानकोंबड्याच्या पिसांची निर्यात थांबविली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या पक्ष्याला आपल्या रानात अभय दिले. परदेशात आता पाळलेल्या पक्ष्यांची पिसे वापरतात किंवा रंगविलेल्या नकली ठिपक्यांवर काम भागवितात. मासा तक्रार करीत नाही.

मग वृद्धांचा गळा दाटून येतो तो कशासाठी? नव्या वस्तू जुन्यांपेक्षा सरस आहेत, हे तेही मान्य करतात. रात्री तारा भिजत घालण्याचा खटाटोप कोणाला पुन्हा नको आहे. परंतु जुन्या दुकानात वस्तूबरोबर एक गोष्ट फुकट मिळे, आणि फुकट मिळत असल्यामुळे तिची किंमत कोणी केली नाही. ती म्हणजे, या नदीला काय चालते व काय चालत नाही, हे ज्ञान. कारखान्यातून येणारा माल सर्व नद्यांसाठी एकच असतो. त्याला गावच्या वळणाशी, खडकाशी, गढूळ पाण्याशी जुळविणारा माणूस फळीमागे उभा असे. तो माणूस गेला, तेव्हा त्याच्याबरोबर नदीची ती रोजनिशीही गेली. कारण ती कोणी लिहून ठेवलेली नव्हती. नदीत मासे कमी झाले आहेत, पाण्याला वास येतो आहे, हे सर्वांआधी त्याच्या कानी येई. आज ते कोणाच्या कानी जाते?

हा प्रश्न केवळ इंग्लंडचा नव्हे. ज्या ज्या गावात नदीशी रोज बोलणारा कोणी एक दुकानदार, तारी किंवा भोई होता आणि आज नाही, त्या त्या गावाचा तो आहे. वस्तू संग्रहालयात ठेवता येतात. अक्रोडाचे रीळ, षट्कोनी काठी, पिसांची माशी काचेआड शेकडो वर्षे टिकेल. त्या माशीच्या गालावरचा तो मेणाचा ठिपका मात्र काचेआड असण्यापेक्षा सह्याद्रीच्या रानातच अधिक शोभतो. तेथे तो दर हंगामात उमटतो, पावसाळ्यात गळून पडतो, आणि आता तो घेण्यासाठी कोणी फासा लावावयाचा नाही.